शंभर रुपयांची गोळी नेमकी कुणी दाबली?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. मजकूर थोडाफार बदलतो, सांगणं तेच असतं: कॅन्सरवर इलाज केव्हाच सापडलाय. टाटाच्या डॉक्टरांनी शंभर रुपयांची गोळी काढली, ती औषध कंपन्यांनी दाबली. रशिया लस फुकट देतोय आणि आपल्याकडे केमोच्या नावाखाली युद्धातलं विष टोचतात. साखर बंद करा, गरम पाण्यात लिंबू पिळून प्या, दहा जणांना पाठवा.

पाठवणारे काका भले गृहस्थ आहेत आणि त्यांच्या घरात हा आजार होऊन गेलाय, त्यामुळे ग्रुपवर कुणी काही बोलत नाही. म्हणून हे इथं लिहितोय.

आधी गोळी. ती थापेबाजी नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. इंद्रनील मित्रा अनेक वर्षं एका कल्पनेवर काम करताहेत. मरणाऱ्या कॅन्सरपेशी फुटतात, त्यांच्यातले गुणसूत्रांचे तुकडे रक्तातून फिरत चांगल्या पेशींमध्ये शिरतात आणि त्यांनाही बिघडवू शकतात, असं त्यांचं म्हणणं. द्राक्षांत सापडणारं रेझव्हेरॅट्रॉल आणि अगदी थोडं तांबं एकत्र दिलं की हे तुकडे नष्ट होतात, असंही ते सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये याची बातमी झाली आणि सगळीकडे ‘शंभर रुपयांत कॅन्सर बरा’ असं फिरलं.

पण त्याच बातमीत टाटाच्या डॉक्टरांचंच एक वाक्य होतं, जे फॉरवर्ड होताना गळून पडलं: कॅन्सर उलटू नये यासाठीचा प्रयोग फक्त उंदरांवर झालाय, माणसांवरच्या चाचण्यांना साधारण पाच वर्षं लागतील. माणसांवर जे पाहिलं होतं ते उपचारांचे दुष्परिणाम कमी होतात का एवढंच, तेही छोट्या गटांत. म्हणजे गोळी दाबलेली नाही, ती अजून परीक्षेला बसलेली आहे. उंदरात चाललेली बहुतेक औषधं माणसात नापास होतात. हे कुणाचं कारस्थान नसतं. उंदीर आणि माणूस वेगळे, इतकंच.

आता ‘स्वस्त औषध कंपन्या येऊच देत नाहीत’ हा मुद्दा. मेसेजमधला सगळ्यात पटणारा भाग हाच आहे, त्यामुळे इथं जरा थांबू.

दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत टोचतात ते भूल देणारं लिग्नोकेन सगळ्यांना माहीत आहे. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने विचारलं, स्तनातली गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती हे टोचलं तर? शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी सुटून इतरत्र जाऊन रुजतात, ते टळेल का? २०११ पासून देशातल्या ११ कॅन्सर केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर हा प्रयोग झाला. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही, कुणाला काय ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के आणि मिळालेल्या गटात ९०.१ टक्के निघालं. हे २०२३ मध्ये जगातल्या एका आघाडीच्या कॅन्सर नियतकालिकात छापून आलं. औषधाची किंमत किरकोळ, पेटंट कुणाचंच नाही. कुणी दाबलं? कुणीच नाही. दहा-बारा वर्षं मात्र लागली, कारण पाच वर्षांनी कोण जगलं हे कळायला पाच वर्षं जावीच लागतात.

दुसरं उदाहरण तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचं. तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे त्याला तोटा नाही. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध नेहमी २४० मिलिग्रॅमच्या मात्रेत देतात, खर्च लाखांत जातो. टाटाच्याच डॉक्टरांनी आजार पुढे गेलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना, चालू असलेल्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला, फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी दिलं. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते, औषध जोडलेल्यांत ४३.४ टक्के. हेही २०२२ मध्ये उघडपणे प्रसिद्ध झालं. कमी औषधात काम भागतं, हे कुठल्या कंपनीला ऐकायला आवडेल? तरी छापलं गेलंच.

कंपन्या साधुसंत आहेत असं मी म्हणत नाही. बायरचं नेक्साव्हर हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांना पडायचं. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्याच पेटंट कार्यालयाने नॅटको या भारतीय कंपनीला ते बनवायची सक्तीची परवानगी दिली आणि महिन्याचा दर ८,८८० रुपये ठरवला. बायर भांडत वरपर्यंत गेली, मुंबई उच्च न्यायालयातही हरली. तेव्हा कंपन्यांविरुद्ध तक्रार असेल तर ती किमतीची करा. तिथं खरंच लढाई आहे आणि ती कागदपत्रांनिशी लढता येते. आयआयटी मुंबई आणि टाटाच्या सहकार्यातून आलेली कार-टी पेशींची उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी काढून, कॅन्सरशी लढायला तयार करून परत देतात ती), जिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, तीही अमेरिकेच्या साधारण एक दशांश किमतीत मिळते. चाळीतल्या माणसाला तो एक दशांशही झेपणारा नाही, हे खरंच.

मेसेजवाल्यांच्या हाताशी एक बरा मुद्दा होता, तो त्यांनी वापरलाच नाही. लिग्नोकेनसारख्या उपायाला विक्रेता नसतो. त्याच्यासाठी हॉटेलात डॉक्टरांची परिषद भरवायला कुणी पैसे देत नाही. त्यामुळे असा उपाय दाबला जात नसला तरी रेंगाळतो.

‘केमो म्हणजे युद्धातलं विष’ हे अर्धं खरं आहे. युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ मध्ये अमेरिकेत लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या रुग्णाला दिलं गेलं, तिथून केमोच्या औषधांची एक शाखा निघाली. दुसऱ्या शाखेचं मूळ मात्र परळमध्ये आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत येऊन हाफकिन संस्थेत काम करत होत्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणारा जीवघेणा अ‍ॅनिमिया यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलिक अ‍ॅसिड. पुढे बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी उलटा विचार केला: पेशी वाढायला हे लागतं, तर ते अडवलं की ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी वाढणार नाहीत. अडवणारी औषधं लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने बनवून दिली आणि १९४८ मध्ये पहिल्यांदा काही मुलांचा आजार काही काळ का होईना मागे हटला. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्झेट आजही त्या मुलांना देतात. श्रीमंत देशांत आता त्यांतली दहापैकी सुमारे नऊ वाचतात, पूर्वी बहुतेक सगळी जायची. वरच्या २० मिलिग्रॅमच्या प्रयोगातल्या स्वस्त गोळ्यांतही मेथोट्रेक्झेट होतंच. केमोने केस जातात, उलट्या होतात, कधी जिवावरही बेततं, हे कुणी नाकारत नाही. पण मूळ विषारी म्हणून औषध फेकायचं तर बरीच कपाटं रिकामी करावी लागतील.

रशियाची लस: डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी घोषणा केली, हे खरं. ती आजार झालेल्यांसाठी, प्रत्येकाच्या गाठीनुसार बनवायची लस आहे. निरोग्यांना टोचून कॅन्सर टाळायची नव्हे. घोषणेसोबत मोठ्या चाचणीचे आकडे नव्हते. टाळण्यासाठीची लस हवी असेल तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ती आहे, पुण्याच्या सीरमने जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणलेली.

राहिली साखर आणि लिंबू. साखरेवर कॅन्सर पोसतो म्हणतात, पण ग्लुकोज सगळ्याच पेशी खातात. साखर बंद केली तरी यकृत ग्लुकोज बनवतच राहतं. खाणं तोडलेल्या रुग्णाचं वजन घटतं आणि मग केमोच पुढे ढकलावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या आजाराबद्दल लिंबू, हळद, कडुनिंबाची गोष्ट सांगितली तेव्हा टाटाच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढावं लागलं: असे प्रकार करून उपचार लांबवू नका. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती. लिंबूपाणी खुशाल प्या, केमोची तारीख तेवढी चुकवू नका.