तिसरी पिन कंपन्यांनी खपवलेली नाही, मामा

'जुनं ते सोनं! आजीच्या काळातली यंत्रं का मरत नाहीत?' या मथळ्याचा मेसेज बरेच दिवस फिरतोय. सात मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'. तीन वेळा मी तो न वाचताच पुसला. चौथ्यांदा तो मामाकडून आला, सोबत फोटोही होता. पंचवीस वर्षांच्या फ्रिजचा थ्रीपिन प्लग काढून त्याने टूपिन बसवली होती. पाचवा मुद्दा वाचून! म्हणून सुरुवात पाचव्यापासूनच करतो, बाकीचे थांबतील.

मेसेज म्हणतो, 'पूर्वी यंत्रांना दोनच पिना असत. तिसऱ्या पिनेतून वीज जमिनीत वाया जाते. ती काढा, बिल कमी येईल.'

यंत्र धड असेल तर तिसऱ्या पिनेच्या, म्हणजे अर्थिंगच्या, त्या हिरव्या वायरीतून जवळपास काहीच वाहत नाही. वाचवायला तिथे वीजच नसते. ती वायर फ्रिजच्या पत्र्याला जोडलेली असते आणि वर्षानुवर्षं नुसती पडून राहते. काम लागतं ते आतल्या वायरीचं आवरण झिजून फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, पत्र्याला टेकते तेव्हा. अर्थिंग असेल तर पत्र्यातून एकदम मोठा करंट जमिनीकडे धावतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. फ्रिज गार करत राहतो, दिवा लागतो, आणि 230 व्होल्ट पत्र्यावर कुणाच्या तरी हाताची वाट बघत बसतात. हे जुन्या यंत्रात होण्याची शक्यता जास्त, कारण आवरणही यंत्राइतकंच म्हातारं झालेलं असतं. म्हणजे ज्याला तिसरी पिन सगळ्यात जास्त हवी, त्याचीच आपण काढून टाकतोय.

मामाचं उत्तर तयार होतं: 'एमसीबी आहे ना घरात!' आहे, पण तो वायरी जळू नयेत म्हणून. 16 ॲम्पिअरचा एमसीबी त्याहून जास्त करंट वाहिल्याशिवाय हलत नाही. माणसासाठी जो आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवतात तो 30 मिलिॲम्पिअरला तुटावा लागतो, कारण त्यापुढे हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका सुरू होतो. दोन आकड्यांत पाचशे पटींहून जास्त फरक आहे. ओल्या हाताने, अनवाणी पायांनी पत्र्याला चिकटलेल्या माणसातून शंभर-दोनशे मिलिॲम्पिअर सहज जातील आणि एमसीबीला पत्ताही लागणार नाही. प्लगची तिसरी पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते ती शोभेसाठी नव्हे. खोचताना ती आधी टेकावी आणि उपसताना शेवटी सुटावी, म्हणून.

एवढं मान्य करतो की दोन पिनांची सुरक्षित यंत्रं असतात. मोबाइलचा चार्जर, बरेचसे हेअर ड्रायर. त्यांच्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते, म्हणजे आत दुहेरी आवरण आहे. ते कारखान्यात बनवताना घातलेलं असतं. पक्कड घेऊन प्लग बदलल्याने फ्रिजला ते येत नाही.

आता उरलेलं भराभर.

पहिला मुद्दा, नवी यंत्रं लवकर मरतात. चडफडत का होईना, यात तथ्य आहे म्हणावं लागतं. जर्मनीच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने 2016 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. घरातली जी मोठी यंत्रं बिघडली म्हणून पाच वर्षांच्या आत बदलावी लागली, त्यांचं प्रमाण 2004 मध्ये 3.5 टक्के होतं, ते 2012 पर्यंत 8.3 टक्क्यांवर गेलं. पण बदललेल्या यंत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश चालू स्थितीतच होती, हेही त्याच अभ्यासात आहे. लोकांना चांगलं हवं होतं, म्हणून बदलली. सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारायला मेसेजला आवडतं, तिथे हे बसत नाही. 'जुनी यंत्रं मरतच नाहीत' हा दुसरा मुद्दा तर हिशोबाचीच चूक आहे. मेलेली केव्हाच भंगारात गेली, आपल्यासमोर उभी आहेत ती फक्त वाचलेली.

तिसरा, जुना फ्रिज वीज कमी खातो. उलट आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या मध्यात विकला जाणारा सरासरी फ्रिज वर्षाला 1,800 युनिटच्या आसपास घ्यायचा. आताचे त्याहून मोठे फ्रिज त्याच्या एक तृतीयांशात भागवतात. आणि जुन्याचं दाराचं रबर कडक झालं असेल तर विचारूच नका.

चौथा, फ्रिज गार करणारा नवा गॅस पेटतो, जुना निर्धोक होता. नव्या फ्रिजमधला आयसोब्युटेन पेटतो, खरं आहे. पण तो सहसा शंभर ग्रॅमच्या आत, बंद नळीत असतो. जुना सीएफसी गॅस घरात निर्धोक होता आणि आभाळात ओझोन खात होता. तेवढ्यासाठी 1987 मध्ये माँट्रियल करार करावा लागला.

सहावा, जुन्या फोनला अपडेट देऊ नका, हॅकर त्याकडे बघत नाहीत. सुरक्षेच्या अपडेटसोबत कुठलं भोक बुजवलं ते बहुधा जाहीर होतं. न घेणाऱ्याच्या फोनवर त्या भोकाचा पत्ता लिहिलेला राहतो. सातवा, लोखंडी यंत्रांतून सकारात्मक ऊर्जा येते. ती मोजायचा मीटर माझ्याकडे नाही.

विजेचा मीटर मात्र वायरमनकडे होता. मामी दोन आठवडे म्हणत होती, फ्रिज पुसताना हाताला झिणझिण्या येतात. मामाने तिला रक्ताभिसरणाच्या गोळ्या सुचवल्या होत्या. पत्र्यावर मीटर लावला तेव्हा 90 च्या पुढे व्होल्ट दिसले. मोटरची वायर बदलली, थ्रीपिन परत बसली, सॉकेटमध्ये अर्थिंग खरंच येतंय का तेही तपासलं. मामा नवा फ्रिज घेणार नाही म्हणतो. नको घेऊस, माझी हरकत नाही.

ग्रुपवर मामा गप्पच आहे. काल रात्री फक्त मला फोन आला. म्हणाला, 'अरे, गीझरचीपण तेव्हाच बदलली होती. ती राहू दे का?'