सर्व्हर जुनं नाव सांगतोय? पुन्हा इन्स्टॉल करू नका

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘मशीनचं नाव बदलल्यावरही एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) जुनंच नाव सांगत असेल, तर डीएनएस कॅश साफ करा. नाही जमलं तर रजिस्ट्रीत नाव बदला, नाहीतर पुन्हा इन्स्टॉल करा. घाई नसेल तर सोडून द्या, नाव नुसतं दाखवायला असतं.’ नवीन पोरं हे खरं मानून चालू सर्व्हरला हात घालतात, म्हणून लिहितोय.

डीएनएस नावावरून आयपी शोधतं. ‘@@सर्व्हरनेम’, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरला त्याचं नाव विचारायची खूण, तिकडे बघतच नाही. ते नाव येतं सिस.सर्व्हर्स या सर्व्हरच्या आतल्या यादीतल्या सर्व्हर आयडी 0 च्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओळीतून, आणि विंडोजचं नाव बदललं तरी ती ओळ आपोआप बदलत नाही. त्याच क्वेरी विंडोत ‘सर्व्हरप्रॉपर्टी’ फंक्शनला सर्व्हरनेम विचारा, नवं नाव मिळेल. एकाच सर्व्हरने दोन नावं सांगितली, म्हणजे दोष नेटवर्कचा नाही.

रजिस्ट्रीचंही तेच: विंडोजच्या त्या सेटिंगांच्या साठ्यातून हे नाव येत नाही, तिथे हात लावू नका.

पुन्हा इन्स्टॉल कशाला? ‘एसपी_ड्रॉपसर्व्हर’ या कमांडला जुनं नाव द्या, ‘एसपी_अ‍ॅडसर्व्हर’ या कमांडला नवं नाव आणि सोबत ‘लोकल’, मग सर्व्हिस रिस्टार्ट करा. ‘लोकल’ विसरलात तर रिस्टार्टनंतर नावाच्या जागी नल, म्हणजे काहीच नाही, असं येईल. नेम्ड इन्स्टन्स (मशीनवर वेगळं नाव देऊन बसवलेला एसक्यूएल सर्व्हर) असेल तर मशीनचं नाव, बॅकस्लॅश आणि इन्स्टन्सचं नाव असं पूर्ण लिहा. इन्स्टन्सचा भाग मात्र या रीतीने बदलता येत नाही.

‘नाव नुसतं दाखवायला’ हे वाक्य सर्वांत घातक. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कामावर बॅकअपची स्क्रिप्ट ‘@@सर्व्हरनेम’वरून फोल्डर ठरवायची. जुन्या मशीनचं नाव बदललं आणि तेच जुनं नाव नव्या मशीनला दिलं. दोघांचे बॅकअप एकाच फोल्डरमध्ये पडू लागले, डेटाबेसची नावंही सारखीच. रिस्टोअरची वेळ आली तेव्हा कुठली फाइल कुणाची, हे एकेका फाइलचं हेडर (सुरुवातीची माहिती) वाचून ठरवण्यात माझी अर्धी रात्र गेली. त्या अर्ध्या रात्रीत गोदामातून एकही चलन निघालं नाही.

रेप्लिकेशन (एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर आपोआप कॉपी होणं) असेल तर ते काढल्याशिवाय नाव बदलूच नका. ड्रॉप करताना 15190 एरर आली, तर त्या नावाला जोडलेले रिमोट किंवा लिंक्ड लॉगिन (सर्व्हर-सर्व्हरमधल्या जोडणीची खाती) उरले आहेत, ते आधी काढा. फेलओव्हर क्लस्टरची (एक मशीन बंद पडलं तर दुसरं काम उचलतं, अशा जोडणीची) पद्धत वेगळी असते, तिथे वरच्या दोन कमांड चालवू नका.