भाऊ, एखादी चांगली कादंबरी सांगा नं!

शहरात कादंबरी सुचवणारा माणूस सुखी. नाव सांगितलं, समोरच्यानं मान डोलावली, विषय संपला. आवडली नाही म्हणून जाब विचारायला कुणी त्याच्या घरी येत नाही. आमच्याकडे येतात. विदर्भातल्या खेड्यात कादंबरी सुचवणं म्हणजे बियाण्याचं वाण सुचवणं. 'यंदा कोणतं लावू?' आणि 'कोणती वाचू?' हे दोन्ही प्रश्न एकाच पानठेल्यावर, एकाच सुरात, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटता घोटता विचारले जातात. दोन्हींपैकी कशातही फसगत झाली, तर विचारणारा सकाळी तोंडात दातवण घेऊनच दारात उभा. त्यातल्या त्यात वाणाचं बरं. सोयाबीनच्या पिशवीवर निदान ७० टक्के उगवणशक्ती छापलेली असते, लॉट नंबर असतो, आणि नाहीच उगवलं तर पंचनामा मागता येतो. कादंबरीच्या मलपृष्ठावर असतं, 'वाचकाला अंतर्मुख करणारी'. याचा पंचनामा कोण करणार?

तरीही लोक विचारतात, आणि मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा पीडा कमी कशी होईल, एवढंच पाहायचं.

समोरच्याला 'तुम्हाला काय आवडतं?' असं कधीही विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं: 'मृत्युंजय'. शिवाजी सावंतांची ही १९६७ सालची कादंबरी ज्यांनी वाचली तेही सांगतात, ज्यांनी नुसती कपाटात पाहिली तेही, आणि ज्यांनी टीव्हीवर महाभारत पाहिलं तेही. विचारायचं ते असं: शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं अलीकडचं पुस्तक कोणतं? यावर माणूस गप्प होतो, बाजूला जाऊन थुंकतो आणि खरं बोलतो. उत्तर 'पोलीस भरतीचं गाइड' असं आलं तरी हरकत नाही. गाइड शेवटपर्यंत वाचणाऱ्याची चिकाटी दांडगी असते, त्याला जाडजूड कादंबरीही झेपते. खरी काळजी 'मी सगळंच वाचतो' म्हणणाऱ्याची.

माणसापेक्षा पुस्तक लवकर कबूल होतं. गावातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात जावं, कपाटातून कादंबरी काढावी आणि मिटलेलीच ठेवून तिची उघडती कडा उजेडाकडे धरावी. वाचलेल्या पानांची कडा काळपट, मऊ, जराशी फुगलेली असते. न वाचलेल्यांची कोरी करकरीत. काळं जिथं संपतं, तिथं गावानं पुस्तक सोडलं. नेमकं तिथं उघडून पाहावं. बहुतेक वेळा तिथं लांबलचक सूर्यास्त चाललेला असतो, नाहीतर नायक खिडकीत उभा राहून आयुष्याचा विचार करत असतो. शेवटची पंधरा-वीस पानं पुन्हा काळी दिसली, तर लोकांनी मधलं वगळून 'शेवटी काय होते?' तेवढं पाहून घेतलं असं समजावं. खर्र्याची पन्नी खूण म्हणून अडकवलेली सापडली तर पक्का पुरावा मिळाला म्हणायचा, कारण पन्नी ज्या पानावर आहे त्या पानाला वास आणि डाग दोन्ही असतात. एवढी तपासणी केली की सुचवताना सांगता येतं: 'ऐंशीपासून शंभरपर्यंत जरा जड जाईल, रेटून न्या.' हे आधीच सांगितलेला वाचक ऐंशीव्या पानावर तुम्हाला शिव्या देत नाही, उलट तुमचा अंदाज बरोबर निघाला म्हणून खूश होतो.

मग पंचांग. मृग लागला की कादंबरीचं नाव काढू नये. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी या दिवसांत जो कादंबरी मागतो त्याच्याकडे एकतर शेत नाही, नाहीतर घरात भांडण झालेलं आहे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघते, कापूस फुटतो. वेचणीत बोंडांची टोकं लागून बोटं सोललेली असतात. अशा बोटांनी पानं उलटणं ही शिक्षा आहे. तूर घरात आली की खरा मोसम सुरू. फेब्रुवारी ते मे, आणि त्यातही मे महिन्याची पंचेचाळीस अंशांची दुपार, म्हणजे आमच्याकडे जाड कादंबऱ्यांचा सुगीचा काळ. बाहेर पडायची सोय नाही, झोप येत नाही, कूलरमध्ये पाणी असलं तर आहे.

मधल्या थंडीत एक वेगळा वाचक तयार होतो. ओलिताची लाइन, म्हणजे मोटारीची वीज, रात्री येते. हरभऱ्याला पाणी सोडून माणूस मोटारीजवळ बसलेला, रोही (नीलगायी) आणि रानडुकरं यांच्यावर कान, डोक्याला बॅटरी बांधलेली. याला अर्धी लक्षात ठेवायची कादंबरी देऊ नये. दर वीस मिनिटांनी उठून दांड, म्हणजे पाण्याचा पाट, फोडायचा असतो. परत आला तर गोष्ट कुठं होती ते एका ओळीत सापडलं पाहिजे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) इथं चोख बसते: दीडशे पानांच्या आत, तुकडे लहान, वाक्यं आखूड. 'मृत्युंजय'ही चालते, कारण तिथं कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे एकेक जण आपापली बाजू सांगत येतात. एकाचं सांगून झालं की दांड बदलावा. फक्त एका हातात ती पेलत नाही.

वजन ही गोष्ट समीक्षक कधीच लिहीत नाहीत. आमचा वाचक बाजेवर उताणा पडून वाचतो. 'श्रीमान योगी'ची हजारावर पानं छातीवर उभी धरली की दहा मिनिटांत मनगट दुखतं, डुलकी लागली की थेट नाकावर. रणजित देसाईंचंच काही द्यायचं असेल तर बाजेवाल्याला 'स्वामी' द्यावी आणि 'श्रीमान योगी' पाटावर ठेवून वाचणाऱ्या काकाजींसाठी राखावी. काकाजींसाठी देताना आधी टाइप पाहून घ्यायचा. स्वस्त आवृत्तीत अक्षर बारीक असतं, आणि मोतीबिंदूच्या आधीचा वाचक टाइपाचा राग लेखकावर काढतो. दुपारी धुणीभांडी उरकल्यावर तासभर वाचणाऱ्या वहिनी या गावातल्या सगळ्यात भरवशाच्या वाचक. त्यांच्यासाठी अट एकच: पुस्तक पिशवीत डब्याशेजारी बसलं पाहिजे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' किंवा पु. शि. रेग्यांची 'सावित्री' त्यात सहज मावतात. वाचून झाल्यावर या दोन्हींबद्दल त्या जे बोलतात, ते ऐकायला प्राध्यापकांनी यावं.

खरा घोळ भाषेचा, आणि इथं मी हट्टी आहे. लोकांना वाटतं, विदर्भातल्या माणसाला विदर्भातली कादंबरी दिली की काम झालं. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) द्या. नायिका कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी वाचून माणूस पहिल्यांदा दचकतो. आपली आजी जशी बोलायची तसं छापतात, हे त्याला शाळेनं कधी सांगितलेलं नसतं. दुसऱ्या पानावर तो हसतो आणि मोठ्यानं वाचू लागतो. 'धग'मधले संवाद मोठ्यानंच वाचायचे असतात, मनात वाचले तर निम्मी चव जाते. आणि पन्नासाव्या पानाशी तो पुस्तक मिटून तुमच्याकडे येतो: 'भाऊ, हे तं आमच्याच घरचं हाय. इकत कायले आनाचं?' सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'चं तेच. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली (२००४), शिकून-सवरून नोकरी न लागलेला एकनाथ, कोरडवाहू शेती, घरातली धुसफूस. वाचक म्हणतो, 'यातलं मले काय नवं सांगता?' त्याचं चूक नाही. कापसाचा भाव पडलेल्या आठवड्यात 'बारोमास' देणाऱ्याचं चूक आहे. या दोन्ही कादंबऱ्या पाऊस बरा झालेल्या वर्षी, माल विकून झाल्यावर, पोट भरलेल्या माणसाला द्याव्यात. दुःख वाचायलाही थोडी ऐपत लागते. आणि 'धग' तरुण पोरांच्या आधी त्यांच्या आयांना द्यावी; त्या 'आमच्याच घरचं हाय' असं म्हणून पुस्तक मिटत नाहीत, ते म्हणून पुढं वाचतात.

मग काहींना उलटा जोर चढतो: बाहेरची द्या, पण लेखक आपला पाहिजे. अशांना गो. नी. दांडेकर सापडतात, कारण जन्म आपल्या परतवाड्याचा. खुशीत 'पडघवली' नेतात आणि तिथं निघतं कोकण. आगर, माड, वहाळ, आंबूवहिनीची बोली. चार दिवसांनी प्रश्न येतो, 'परतवाड्याचा मानूस तिकडं कायले गेला?' कोल्हापूरकडच्या बोलीतली आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) आमच्याकडे पहिली वीस पानं अडते, हे खरं. पण सालगड्याचं आयुष्य आमच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून ती एकदा सुटली की सुसाट जाते. पथ्य एकच. ज्यानं नुकतंच कर्ज काढून ट्रॅक्टर आणलाय त्याला ती चुकूनही देऊ नये. त्या कादंबरीत ट्रॅक्टर आल्यावर काय होतं, ते त्याला पहिल्या हप्त्याच्या आधी कळायची गरज नाही.

तसंच 'कोसला'चं. भालचंद्र नेमाड्यांची ही १९६३ची कादंबरी बारावी झालेल्या पोरानं वाचावी, बापानं नको. खेड्यातला पोरगा पुण्यात शिकायला जातो, बापाचे पैसे उडवतो, शेवटी हात हलवत घरी येतो, हे वाचून ज्याचा पोरगा सध्या पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय असा बाप त्याच रात्री फोन लावतो. फोनवर काय बोलणं होतं ते सांगायला नको; दुसऱ्या दिवशी पोरगा तुम्हाला फोन करतो. 'बनगरवाडी' गुरुजींना आवडतेच, फक्त बदल्यांच्या दिवसांत देऊ नये. त्या काळात त्यांना मास्तर धनगरांच्या वस्तीवर पायी जातो एवढंच दिसतं आणि ते अंतर विचारतात.

आता स्तुती किती करायची. 'वाचाच', 'रडाल', 'आयुष्य बदलेल' ही तीन वाक्यं पूर्ण बंद. रडाल म्हटलं की माणूस न रडण्याची जिद्द धरून वाचतो. आयुष्य बदलेल म्हटलं की शेवटचं पान उलटून तो आपल्या आयुष्याकडे बघतो, म्हैस तीच, कर्ज तेच. माझं माप ठरलेलं आहे: कुणाची गोष्ट आहे ते एका वाक्यात, पानं किती, कुठं अडेल, आणि गप्प. कथानक सांगायला लागलात की पानठेल्यावरचे चौघं तिथंच कादंबरी संपवतात आणि पुस्तक कुणीच नेत नाही.

पुस्तक नेलंच, तर नाव पहिल्या पानावर लिहू नये. पहिलं पान सगळ्यात आधी जातं. वाचनालयवाले दर्शनी शिक्क्याखेरीज आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात, तसं आपलंही एक पान ठरवून ठेवावं आणि कुणाला सांगू नये. वर्तमानपत्राचं कव्हर घालू नये, लोक कव्हरच वाचत बसतात. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद उलटा करून घातला की काम होतं. पुस्तक एकाला दिलं तरी ते एकाकडे राहत नाही. ते त्याच्या साळ्याकडे जातं, तिथून अंगणवाडीच्या बाईंकडे, तिथून लग्नाच्या आंदणासोबत दुसऱ्या तालुक्यात. म्हणून परत मागताना 'पुस्तक द्या' म्हणायचं नाही, 'कुणाकडे आहे?' असं विचारायचं. आणि 'कशी वाटली?' हे तर विचारायचंच नाही. वाचली नसेल तर माणूस तुम्हाला पाहून रस्ता बदलतो, आणि आमच्या गावाला रस्ता एकच आहे.

न आवडलेल्या कादंबरीचा त्रास फार दिवस टिकत नाही. 'याच्यात काई होतच नाई बाप्पा' म्हणून माणूस पुस्तक ओसरीवर आपटतो, चहा पितो, जातो. आवडलेल्या कादंबरीचा त्रास मोठा. तो माणूस आठ दिवसांनी डोळे चमकवत येतो, हातात पिशवी. 'भाऊ, तुमी मले देली, आता मी तुमाले देतो.' पिशवीतून निघते त्याच्या मामेभावानं स्वखर्चानं छापलेली सहाशे पानांची सामाजिक कादंबरी, पहिल्याच प्रकरणात तीन सूर्योदय. कडा संपूर्ण कोरी करकरीत. पिशवी ठेवून तो जाता जाता सांगतो, सोमवारी मामेभाऊ स्वतः भेटायला येणार आहे. हे ऑक्टोबरात घडलं तर वेचणीचं कारण सांगता येतं. पण असे लोक मे महिन्यातच येतात.