घ्या की एकदाची चिलखती गाडी!

मंगळवारी सकाळी सांगलीत विश्रामबागला दूध आणायला गेलो होतो. मागून एक काळी गाडी आली. पुढं हाताएवढ्या जाड लोखंडी दांड्यांचा गार्ड. माझ्या स्कूटरचा आरसा उडवून भोंगा वाजवत निघून गेली. काचा इतक्या काळ्या, की आत दादा होते की दादांचा नुसता ड्रायव्हर, तेही कळलं नाही.

तुम्हालाही असंच दादा व्हायचं असेल, तर गार्डवर भागवू नका. चिलखती गाडीच घ्या.

आपल्या नगरच्या डीआरडीओच्या संस्थेनं टाटांच्या जोडीनं आठ चाकांची 'व्हॅप' बनवली आहे. ती पाण्यातही चालते. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा निम्मी सांगली बोटीची वाट बघत माडीवर बसली होती. तुम्ही हरभट रोडवरून थाटात तरंगत जाल. (वाटेत कुणी हात केला तर? काचा काळ्या आहेत की.)

पार्किंगची चिंता नको. आत्ता तरी कुठं करताय?

काचांची फिल्म काढू नका. सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केली 2012 ला. निकाल सांगलीला पोचायला वेळ लागतो. गार्डही राहू द्या. त्याच्यामुळं धडक बसल्यावर एअरबॅग उघडली नाही, तर उघडली नाही.

बूड मात्र बघून घ्या, खरी अक्कल तिथं आहे. सुरुंगाला तोंड देणाऱ्या गाड्या बघा: दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिरचं घ्या, नाहीतर आपल्या मेदकच्या कारखान्यातल्या 'आदित्य'चं. बूड होडीसारखं खाली निमुळतं असतं आणि जमिनीपासून चांगलं उंच. खाली सुरुंग फुटला की दणका दोन्ही अंगांनी निसटतो, आतली माणसं वाचायची शक्यता वाढते. आता तुमच्या वाटेत सुरुंग कोण पेरणार? मारुती चौकातला भाजीवाला? का दुधाची किटली घेतलेला मी?

ज्यांच्या वाटेत सुरुंग होता, ते कशातून गेले ठाऊक आहे? 1 मे 2019. महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ शीघ्र कृती दलाचे 15 पोलीस एका साध्या खासगी गाडीतून निघाले होते. पंधराही गेले, ड्रायव्हरही गेला. त्यांच्या खाली निमुळतं बूड नव्हतं, पत्रा होता. आणि तुम्हाला घरापासून जिमपर्यंत जायला लोखंडी गार्ड पाहिजे, भोंगा पाहिजे, मागं दोन गाड्या पाहिजेत! कुणाची भीती वाटते एवढी? शाळेच्या रिक्षाची?

अरे, लाजा वाटू द्या जरा. हप्त्यावरची गाडी ती, आणि मिजास रणगाड्याची. आज आरसा गेला, उद्या एखाद्याचं पोर जाईल, तेव्हाही असेच भोंगा वाजवत जाणार आहात? तो गार्ड आजच्या आज काढा. भंगारवाला किलोवर घेतो. त्या पैशात माझा आरसा सहज येईल. डेअरीवाल्याकडं ठेवून जा, काच खाली करायचीही गरज नाही.