डबा की पाटी? ऐरोलीच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत कसं काढायचं, या माझ्या लेखावर तुम्ही ऐरोलीहून तीन आक्षेप घेतलेत. ‘व्हेरिएबल (कोडमध्ये किमतीला दिलेलं नाव) म्हणजे डबा’ हे धडधडीत चूक. कॉम्प्युटरला नावाशी काही देणंघेणं नसतं, एक्स-वायवर काम भागतं, लांबलचक नावं म्हणजे कारकुनी. आणि मराठी नावं ही नुसती हौस. पहिला आक्षेप पूर्ण मान्य, दुसरा अर्धा. तिसऱ्यात मुद्दा आहे, पण तुम्ही दिलेलं कारण तो नव्हे.

डब्यापासून सुरू करतो. सी भाषेत डबा चालतो. इंट (पूर्णांक) लिहून नाव दिलं की मेमरीत जागा राखली जाते, हल्लीच्या मशीनवर बहुधा ४ बाइटची, आणि ते नाव शेवटपर्यंत त्याच जागेला बांधलेलं राहतं. एका इंटमधून दुसऱ्यात किंमत टाकली की नक्कल होते. पायथनमध्ये मात्र नाव म्हणजे दारावरची पाटी. वस्तू आत असते, पाटी नुसती तिच्याकडे बोट दाखवते, आणि एकाच फ्लॅटच्या दाराला दोन पाट्या लावायला कुणाची हरकत नसते. हे करून बघा (इथे आकडे देवनागरीत छापलेत, टाइप करताना इंग्रजी आकडेच घ्या, नाहीतर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीची तक्रार, येईल):

थकबाकी = [१२०००, ८०००]
जुनी = थकबाकी
थकबाकी[०] = ०

पहिल्या फ्लॅटने पैसे भरले म्हणून शून्य टाकलं (पायथन यादी शून्यापासून मोजतो, म्हणून कंसात ०). आता ‘जुनी’ छापून बघा, तिथेही शून्यच. महिनाअखेरची नोंद राखून ठेवली असं वाटत होतं, प्रत्यक्षात यादी एकच होती आणि नावं दोन. दुसरी ओळ ‘जुनी = थकबाकी[:]’ अशी लिहिली की वेगळी यादी तयार होते. तीही वरवरचीच: यादीच्या पोटात आणखी याद्या असतील, म्हणजे प्रत्येक फ्लॅटची महिनावार यादी वगैरे, तर आतल्या याद्या सामाईकच राहतात. तिथे आतल्या याद्यांसकट नक्कल करणारं, कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी लागतं.

डब्याच्या उपमेने खरा घोळ होतो तो यापुढे. यादीऐवजी साधा आकडा घ्या: थकबाकी = १२०००, मग जुनी = थकबाकी, मग थकबाकी = ०. इथे ‘जुनी’ १२,००० वरच राहते. शिकणारा गोंधळतो, मघाशी बदललं, आता का नाही? कारण मघाशी पाटी जागच्या जागी ठेवून घराच्या आतलं सामान हलवलं होतं. आता पाटीच काढून दुसऱ्या दाराला लावली. डबा धरून हे समजावता येत नाही, म्हणून तुमचा आक्षेप मान्य.

आता नावं. कॉम्प्युटरला देणंघेणं नाही, हे खरंच. आणि म्हणूनच काळजी घ्यायची, कारण तो टोकणार नाही. लेखातलं व्याजाचं सूत्र घ्या: व्याज = मुद्दल × दर × मुदत. थकबाकी १२,००० रुपये, वार्षिक २१ टक्के सरळव्याज, ३ महिने. बरोबर उत्तर ६३० रुपये. त्यासाठी दर ०.२१ हवा आणि मुदत वर्षांत, म्हणजे ०.२५. कुणी दरात २१ टाकले तर ६३,००० येतात. ते बिल बघून सभासद लगेच खाली येईल, चूक सापडेल. पण दर ०.२१ ठेवून मुदतीत ३ टाकले तर ७,५६० येतात. हा आकडा अंगावर येत नाही. थकबाकी जुनी आहे, असेल बुवा, म्हणून भरलाही जातो. एरर कुठेच नाही. नाव ‘दर’ऐवजी ‘वार्षिक_दर’ आणि ‘मुदत’ऐवजी ‘मुदत_वर्षे’ असतं, तर ३ टाकताना हात अडखळला असता. मला लांब नाव नको आहे; किमतीकडे बघून जे कळत नाही तेवढं नावात हवं आहे. एकक, कालावधी, कुणाचं. ‘थकबाकीची_एकूण_रक्कम_आकडा’ ही कारकुनीच, तिथे मी तुमच्या बाजूने.

तीन ओळींच्या लूपमधल्या (पुन्हापुन्हा चालणाऱ्या ओळींमधल्या) आय-जे या नावांनाही माझी हरकत नाही. गणितातल्या निर्देशांकांचीच ती सवय. फोरट्रान या जुन्या भाषेत तर आय ते एन यांपैकी अक्षराने सुरू होणारं नाव वेगळं काही सांगितलं नसेल तर पूर्णांकच धरलं जाई. नाव जितक्या ओळी जगणार, तितकं ते बोलकं हवं.

यातच व्याप्तीचा, म्हणजे स्कोपचा, नाव कुठपर्यंत ओळखलं जातं याचा मुद्दा येतो. तुम्ही नवी मुंबईत राहता, तुम्हाला सोपं जाईल. सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, खारघरला आहे, तुमच्या ऐरोलीतही आहे. नेरूळ स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं ‘सेक्टर १०’ सांगितलं की तो नेरूळचाच धरतो. फंक्शनच्या, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या, आत पायथन तसंच करतो, आधी आपल्या नोडमध्ये (वाशी, नेरूळसारख्या विभागात) बघतो. एक खोच आहे: फंक्शनमध्ये कुठेही ‘एकूण = एकूण + रक्कम’ लिहिलंत की ‘एकूण’ त्या फंक्शनचंच ठरतं, बाहेरचं दिसेनासं होतं, आणि अनबाउंड लोकल एरर (किंमत देण्याआधीच नाव वापरल्याची तक्रार) येते. बाहेरची किंमत पॅरामीटर म्हणून (फंक्शनच्या कंसातून) आत द्या आणि उत्तर रिटर्न करा, म्हणजे परत पाठवा.

राहिली मराठी नावं. पायथन ३ देवनागरी नावं घेतो. एक फायदाही होतो: सम, मॅक्स, लिस्ट अशी पायथनची स्वतःची नावं चुकून झाकली जात नाहीत. पण अडचणी खऱ्या आहेत. लूपबाहेर ‘एकूण = ०’ लिहिलं आणि आत ‘एकुण = एकूण + रक्कम’, तर ऱ्हस्व उकारासह एक नवंच व्हेरिएबल जन्माला येतं. दीर्घ ‘एकूण’ शेवटपर्यंत शून्य, तक्रार शून्य. व्हेरिएबल आधी जाहीर करावं लागतं त्या सीमध्ये कंपायलर (कोड तपासून मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) तिथेच अडवतो. ‘दर१’ आणि ‘दर’पुढे इंग्रजी एक, ही पायथनला दोन वेगळी नावं. आणि सगळ्यात छळणारी: ‘बऱ्याच’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा ऱ काही कीबोर्ड साध्या र, हलन्त आणि एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाने काढतात. ते चिन्ह पायथनला नावात चालत नाही. स्क्रीनवर शब्द शुद्ध दिसतो आणि ओळीवर एरर येते. तो ऱ नुक्त्याचा (खाली टिंब असलेला), स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप केला की चालतो.

म्हणून चार जणांनी मिळून लिहायच्या कोडमध्ये मीही इंग्रजी नावंच ठेवीन. लेखातली डब्याची दोन वाक्यं काढून पाटीचं उदाहरण घातलं आहे. व्याजाच्या सूत्रात ‘मुदत_वर्षे’ केलं आहे.