श्रुती टिपायला ९६ किलोहर्ट्झ लागत नाहीत

गाण्याच्या क्लासांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरत असतो. कुणी रियाजासाठी रेकॉर्डर कोणता घ्यावा असं विचारलं, की तोच पुन्हा चिकटवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एमपी३मध्ये सूर उतरतो, श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, हरवतात, म्हणून ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने) आणि २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) यांच्या खाली उतरू नका; ३२ बिट फ्लोट (अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज एकाच फाइलीत सामावणारी पद्धत) घेतलात तर लेव्हलची, म्हणजे आवाज किती जोरात टिपायचा याची, चिंता मिटली; रेकॉर्डर वाद्यांच्या जितका जवळ तितकं रेकॉर्डिंग स्वच्छ; आणि एवढा खर्च झेपत नसेल तर फोन आहेच, मधलं काही घेऊ नका. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकतं, कारण रियाजाला उपयोगी पडतात ते नेमके हेच मधले, दोन सेलवर चालणारे साधे रेकॉर्डर.

आधी सूर उतरण्याचं बघू. एमपी३ करताना कानाला जे ऐकू येण्याची शक्यता कमी ते गाळलं जातं. जे उरतं त्याची कंपनसंख्या बदलत नाही. गंधार जिथे लागला तिथेच राहतो, चुकीचा लागला असेल तर चुकीचाच राहतो. ही समजूत बहुधा कॅसेटच्या काळातली असावी. तेव्हा ती खरी होती. सेल उतरले की टेप हळू फिरायची, आणि त्या अवस्थेत घेतलेलं गाणं नव्या सेलवर लावलं की काळी एकमध्ये गायलेलं अर्धा सूर वर, पांढरी दोनमध्ये ऐकू यायचं. डिजिटल रेकॉर्डरचं घड्याळ क्वार्ट्झवर चालतं. ते दहा लाखांत ५० भागांनी चुकलं असं धरलं, तरी सुरातला फरक एका सेंटच्या (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाच्या) दहाव्या भागाहून कमी. प्रमाणश्रुतीचं, म्हणजे सर्वांत लहान श्रुतीचं, अंतर ८१/८० धरलं तर ते होतं सुमारे साडेएकवीस सेंट. श्रुती हरवली असेल तर ती रेकॉर्डरकडे शोधू नका.

९६ किलोहर्ट्झचंही तेच. ४४.१ किलोहर्ट्झवर त्याच्या निम्म्यापर्यंतचा, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी टिपला जातो. तरुण कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो आणि वय वाढेल तसा त्याहून बराच आधी. याउलट ९६/२४ वर स्टिरिओमध्ये तासाला २ जीबीहून थोडं जास्त लागतं. बरेच रेकॉर्डर २ जीबी झाले की फाइल तोडून नवी सुरू करतात, म्हणजे तासाहून थोड्या लांबलेल्या बैठकीच्याही दोन फाइली. ४४.१/१६ वर हाच तास सुमारे ६३५ एमबीत बसतो.

एमपी३चा खरा तोटा वेगळाच आहे, आणि तो त्या मजकुरात नाही. कमी बिटरेटला (सेकंदाला कमी माहिती साठवली तर) टाळ, झांज, घुंगरू यांचा आवाज खरवडल्यासारखा येतो. भजनी मंडळाची तालीम १२८ केबीपीएसवर घेतली तर टाळ लगेच पकडून देतात. म्हणून मूळ रेकॉर्डिंग वेव्हमध्ये, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या फाइलीत, ठेवावं, इतरांना पाठवायची प्रत एमपी३मध्ये करावी.

३२ बिट फ्लोटबद्दल मी पूर्ण विरोधात नाही. ढोल-ताशा पथकाच्या सरावात, जिथे लेव्हलकडे बघायला कुणी मोकळा नसतो, तिथे ते कामाचं. पण ‘चिंता मिटली’ हे खरं नाही. माइकची स्वतःची मर्यादा तशीच राहते. ताशासमोर माइकमध्येच आवाज फाटला तर ते फाटणं ३२ बिटांतही जसंच्या तसं उतरतं. शिवाय लेव्हल न लावता घेतलेली फाइल ऐकण्याआधी बहुतेकदा कॉम्प्युटरवर वर-खाली करावी लागते. म्हणजे काम टळलं नाही, संध्याकाळी घरी आलं. तालीम संपल्यावर तिथेच बसून ऐकणाऱ्याला हे परवडत नाही. लेव्हल लावायला वेळ तरी किती लागतो? गायकाला तार पंचमापर्यंत जायला सांगा, तबल्यावर एक जोरकस तिहाई घ्या, आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही असं बघा. लेव्हल आपोआप बदलणारं ‘ऑटो’ मात्र बंद ठेवा. गायक थांबला की ऑटो तंबोरा फुगवतो, सम आली की सगळं दाबतो. आवाजाचा लगाव तपासायला घेतलेल्या रेकॉर्डिंगमधून नेमका लगावच पुसला जातो.

आता रेकॉर्डर जवळ ठेवण्याचं. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने घटतो. तबल्यापासून एक फुटावर आणि गायकापासून चार फुटांवर रेकॉर्डर ठेवला, तर केवळ जागेमुळे तबल्याला बारा डेसिबलचा फायदा मिळतो. मग घरी ऐकताना वाटतं, तबलजीने आपल्याला खाऊन टाकलं! बैठकीत रेकॉर्डर गायकासमोर चार-पाच फुटांवर, छातीच्या उंचीला ठेवा. तबला, पेटी, तंबोरा यांची अंतरं त्या जागेवरून जमवा. तबला पुढे येतोय असं वाटलं तर रेकॉर्डर वीतभर पेटीकडे सरकवा. वीतभराने फरक ऐकू येतो. सतरंजीवर ठेवू नका, मांडी बदलली तरी धपका येतो. छोटा स्टँड नसेल तर स्टुलावर घडी केलेला टॉवेल चालतो. पंखा लावलाच तर माइकला फोमचं टोपण घाला, घरात बसला असलात तरी.

लो कट हे खालचे, खर्जातले आवाज कापणारं बटण पंख्याच्या घरघरीसाठी दाबायचा मोह होतो. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. १२० हर्ट्झला लो कट लावलात तर तिचा पाया आणि डग्ग्याची घुमक दोन्ही पातळ होतात.

माइकची दिशा हीदेखील बिटांपेक्षा मोठी गोष्ट. टॅस्कॅमच्या डीआर-०५एक्समध्ये चहूकडून ऐकणारे माइक आहेत. डग्गा भरदार येतो, पण शेजारच्या खोलीतला टीव्हीही येतो. डीआर-०७एक्स किंवा झूमचा एच१एन समोरचं जास्त ऐकतात. गजबजलेल्या क्लासात हे दुसरे बरे, शांत घरात पहिला.

राहिला फोन. गुरूंच्या परवानगीने बंदिशीचे शब्द आणि चलन लक्षात राहावं म्हणून टिपायला फोन उत्तम. विमान मोडवर टाका, एवढंच. रियाजाला अडचण अशी की तंबोऱ्याचं ॲप बहुधा त्याच फोनवर चालू असतं. काही फोनांत रेकॉर्डिंग सुरू होताच ॲप बंद पडतं. शिवाय बोलणं स्पष्ट करण्यासाठी गोंगाट कमी करणारी सोय अनेक फोनांत असते. एकसारखा चालणारा तंबोरा तिच्या लेखी गोंगाटच, तेव्हा ती तो खाली ढकलते. आणि ज्या आधारावर सूर तपासायचा तोच नाहीसा झाला, तर ऐकायचं काय?

एक्सएलआरची (बाहेरचे मोठे माइक लावायची) जोडणी वगैरे मंचावरच्या कार्यक्रमांसाठी. घरच्या रियाजाला नको. त्यापेक्षा सूर न बदलता वेग कमी करता येतो का आणि दोन खुणांमधला तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो का, हे दुकानात विचारा. तानेतली गळलेली जागा अर्ध्या वेगावर लगेच सापडते. रिचार्जचे सेल वापरणार असाल तर मेन्यूत तसं निवडायची सोय असते. ते निवडलं नाही तर बॅटरीचा आकडा फसवतो. आणखी एक गोष्ट तिथेच करून बघा. काही रेकॉर्डरांवर पहिल्यांदा बटण दाबलं की लाल दिवा नुसता लुकलुकतो, रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा दाबल्यावर सुरू होतं. दिवा स्थिर झाला आणि सेकंदांचा आकडा पळायला लागला, तरच फाइल बनते आहे.