अर्थ कारखान्यात जोडला जात नाही

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: मेंदू म्हणजे कारखाना. शब्द आत येतो, कोठारातून त्याचा ठरलेला अर्थ निघतो, व्याकरण हे सुटे भाग जोडतं आणि वाक्य संपलं की तयार अर्थ बाहेर पडतो. यंत्राची उपमा द्यायला काहीच हरकत नाही. निवडलेलं यंत्र चुकीचं आहे.

‘ठरलेला अर्थ निघतो.’ रात्री दहाला कुणी म्हणालं, ‘चला, सराफ्यात जाऊ’ (सराफा म्हणजे दिवसा दागिन्यांचा बाजार, रात्री खाऊगल्ली), तर इंदूरकराच्या डोळ्यांपुढे भुट्ट्याचा कीस येतो. दुपारी म्हटलं तर दागिने. सुटा भाग तोच, मग फरक आला कुठून? शिवाय दर वेळी एकच भाग निघतो, असंही नाही. दुहेरी अर्थाचा शब्द कानावर पडताच, संदर्भ एकाच बाजूचा असला तरी, दोन्ही अर्थ जागे होतात आणि तीनेक अक्षरं पुढे जाईतो न जुळणारा मावळतो, हे भाषेचं मानसशास्त्र अभ्यासणाऱ्या डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्येच दाखवलं.

‘वाक्य संपलं की अर्थ.’ हा तर सगळ्यात कच्चा मुद्दा. ‘तिने गरम पोळीवर मोजे…’ इथेच अडखळलात ना? क्रियापद अजून यायचंच आहे. मेंदू-संशोधक मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये अशाच वाक्यांवर, डोक्याला इलेक्ट्रोड लावून मोजमाप केलं. न बसणारा शब्द दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत संकेतात ऋण दिशेची लाट उठते. पुढे ती वाक्याच्या मधल्या शब्दांवरही सापडली, म्हणजे मेंदू वाक्य संपायची वाट पाहत नाही.

‘व्याकरण जोडतं.’ हे अर्धं खरं. कुत्रा माणसाला चावला की माणूस कुत्र्याला, हे तेच ठरवतं. पण एकट्याने नाही.

यंत्रच हवं तर वाफेच्या इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप आवरणारा भाग घ्या, जेम्स वॉटने १७८८ मध्ये बसवलेला. वेग वाढला की फिरते गोळे बाहेर फाकतात, झडप आवळली जाते, वाफ कमी पडते, वेग उतरतो. आधी मोजा, मग ठरवा, मग करा, असे टप्पेच नाहीत. सगळे भाग सतत एकमेकांना ओढत असतात. मनातली अपेक्षा आणि ऐकलेला शब्द यांचंही तसंच चालतं. झडप फार हळवी ठेवली तर इंजिन एका वेगावर न ठरता वर-खाली होत राहतं. अपेक्षा फार घट्ट असेल तर आपण समोरच्याने न बोललेलंच ऐकतो.

मात्र ही उपमाही एका जागी तुटते. इंजिनाचा वेग किती हवा, हे बाहेरचा माणूस ठरवून देतो. गप्पांमध्ये विषय बोलता-बोलताच सरकतो, आणि तो सरकवणारा भाग गव्हर्नरमध्ये नाही.